झाडाच्या वाट्याच्या चार बाटल्या

माझ्या मुलाचं तीन दिवसांचं अन्न मी लघवी तपासायला द्यायच्या बाटल्यांमध्ये साठवलं होतं. हसू नका. दोन हजार सालानंतरच्या त्या चार-पाच वर्षांत अंगावरचं दूध साठवायच्या खास पिशव्या मीरा रोडला मिळत असतील तर आमच्या केमिस्टला तरी त्या ठाऊक नव्हत्या. त्यानं काउंटरखालून रुंद तोंडाची, पांढऱ्या झाकणाची एक बाटली काढली आणि म्हणाला, "मॅडम, ये ले लो. स्टराइल है, सीलबंद." मी तीस मागितल्या. एवढं कोण आजारी आहे म्हणून त्यानं माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं.

कारण असं होतं की बाळंतपणानंतर माझ्या गळ्यात एक गाठ हाताला लागायला लागली होती. बोराएवढी. डॉक्टर म्हणाले, स्कॅन करून घ्या, उगाच थांबू नका. त्या स्कॅनसाठी शिरेतून एक किरणोत्सर्गी औषध देतात. ते औषध दुधात उतरतं, म्हणून तीन दिवस बाळाला अंगावर घ्यायचं नाही, दूध काढून टाकून द्यायचं, आणि पहिला दिवस तर बाळाला छातीशीसुद्धा धरायचं नाही. मी विचारलं, चुकून थोडं गेलं तर? डॉक्टर म्हणाले, "हे औषध गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसतं. मोठ्या माणसाला काही नाही. बाळाचा गळा लहान असतो, आपण उगीच धोका का घ्यायचा?" ते सहज बोलून गेले. मी मात्र ते वाक्य घरी घेऊन आले आणि रोज रात्री काढून बघत बसले.

तीन दिवस डब्यातली पावडर द्या, असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणत होते. पण मुलगा दीड महिन्याचा असताना मला ताप आला म्हणून त्याला दोन चमचे पावडरचं दूध दिलं होतं. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या आणि रडता रडता त्याचा आवाजच बसला. रिक्षानं काशीमीऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसले होते, श्वास लागतोय का बघत. बालरोगतज्ज्ञांनी बजावून सांगितलं, वर्षभर बाहेरच्या दुधाचा थेंब नको. तेव्हा त्या तीन दिवसांत त्याला जगवायला माझंच दूध हवं होतं, आणि ते आधी काढून ठेवलेलं हवं होतं.

पंधरा दिवस मी हातपंपानं दूध काढलं. मनगट दुखायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि बाटली काही भरायची नाही. भरली की तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेननं तारीख लिहायची आणि फ्रीझरमध्ये ठेवायची. आमचा फ्रीज एका दाराचा, वरचा बर्फाचा कप्पा जेमतेम. सासूबाईंची सोललेली कोळंबी आणि किसलेला नारळ मी तिथून हुसकावून लावला. त्या काही बोलल्या नाहीत. त्या गुहागरकडच्या, नातवासाठी येऊन राहिलेल्या, आणि माझ्या जिभेला एव्हाना ओळखून होत्या. मी तशी तोंडाची फटकळच. त्या दिवसांत तर भीतीनं आणि अर्धवट झोपेनं माझ्या प्रत्येक वाक्याला काटा फुटलेला असायचा.

तर सव्वीस बाटल्या झाल्या. दिवसाला आठ लागणार, म्हणजे तीन दिवसांना चोवीस, आणि दोन वरच्या. मी ते गणित इतक्या वेळा केलं होतं की नवरा म्हणाला, आता झोपेत बडबडतेस.

औषध टोचून घेतलं त्या दिवशी अकरा वाजले होते. घरी आले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. बाहेर सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन बोंडल्यानं दूध पाजत होत्या. चांदीचं बोंडलं, नवऱ्याचंच, त्याच्या लहानपणचं. मुलगा आधी रडला, मग प्यायला लागला. मी दाराच्या फटीतून बघत होते आणि माझं सगळं ब्लाउज भिजत होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या दिवशी काढलेलं दूध टाकून द्यायचं होतं. मी पंप धुवायला घेतला आणि बाटली मोरीत उपडी करणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात धरला.

"अगो, मोरीत नको. अंगावरचं दूध मोरीत गेलं तर आटतं. झाडाच्या मुळाशी घालायचं असतं."

मी शिकलेली, बँकेत नोकरी करणारी बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघांत म्हणत असे. पण तीन दिवसांनी माझं दूध परत आलं नाही तर मुलाला द्यायला जगात दुसरं काहीच नव्हतं. विश्वास नसलेल्या गोष्टीलाही माणूस घाबरू शकतं, हे मला तेव्हा कळलं. मी बाटली परत झाकण लावून फ्रीजच्या दारात ठेवली.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये झाडं म्हणजे बिल्डरनं कुंड्यांतून लावलेले चार शोभेचे पाम. सासूबाईंना ते चालेनात. समोर रस्त्यापलीकडे पेणकरपाड्याच्या जुन्या वस्तीत एक उंबर होता, त्याच्याशी घालायचं ठरलं. हे काम नवऱ्याचं. आणि नवऱ्याला लाज वाटत होती. उंबराला लागूनच पानाची टपरी, तिथं संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधले अर्धे पुरुष उभे. त्यांच्यासमोर लघवीच्या बाटल्यांतून झाडाला दूध घालायचं. "उद्या सकाळी लवकर जाऊन घालतो," तो म्हणाला. सकाळी त्याला उशीर झाला आणि तो तसाच कामावर पळाला. फ्रीजच्या दारात औषधाच्या दुधाच्या चार बाटल्या जमल्या. त्यांच्यावर चिकटपट्टी नव्हती. टाकायच्याच तर होत्या, तारीख कशाला लिहायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता लाईट गेले.

मे महिना होता. पंखा थांबला तेव्हा आधी कुणालाच काही वाटलं नाही, आमच्याकडे लाईट जायचेच. अर्ध्या तासानं मी गॅलरीतून वॉचमनला हाक मारली. तो म्हणाला, "मॅडम, गटर का काम चालू है ना, जेसीबीने केबल काट दिया. पूरे एरिया का गया है. शाम तक आयेगा." संध्याकाळपर्यंत! फ्रीझरमध्ये अठरा बाटल्या होत्या आणि मुलाला अजून दोन दिवस काढायचे होते.

समोरच्या गुजराती भाभींकडे इन्व्हर्टर होता. मी धावत गेले. त्या हळहळल्या, पण त्यांच्या इन्व्हर्टरवर दोन ट्यूब आणि एक पंखा चाले, फ्रीज नाही. त्यांनी एक मात्र पक्कं सांगितलं, "दरवाजा खोलना मत. ऊपर से रजाई डाल दो." मी घरातल्या दोन गोधड्या आणि एक रग फ्रीजला गुंडाळला. मग फ्रीजसमोरच खुर्ची टाकून बसले. माझ्या घरात कुणी फ्रीज उघडला तर मी त्याचा हात तोडीन, असं मी मोठ्यानं म्हणाले. घरात सासूबाईंशिवाय दुसरं कुणीच नव्हतं.

आणि त्यांनी उघडला. त्यांची तरी काय चूक, तांदळाच्या भाकरीवर घ्यायला त्यांना लोणी हवं होतं, चाळीस वर्षांची सवय. मी एवढ्या जोरात ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं. "आई, तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का? त्यात तुमचा नातू आहे, नातू!" त्यांनी दार लावलं आणि भाकरी कोरडीच खाल्ली. मला वाईट वाटलं, पण माफी मागायला तोंड उघडेना. माझा सगळा जीव त्या बंद दाराआड होता.

साडेअकराला खालून कोळणीची हाक आली. उत्तनहून रोज एक बाई आमच्या गेटवर मासळी घेऊन बसायची, सासूबाईंशी तिची चांगली ओळख. सासूबाई खाली गेल्या आणि वर आल्या त्या तिला घेऊनच. तिच्या डोक्यावर थर्माकोलची पेटी होती.

"काय झाला गो पोरी? लाईट न्हाय म्हनून रडतेस? बरफ हाय ना माझ्याकडं. आमची मासळी काय लाईटावर ऱ्हाते?"

मी रडत नव्हते, पण बहुधा तशी दिसत असेन. तिनं आपले उरलेले बांगडे पाटीत काढले आणि पेटी रिकामी करून दिली. मी ती पेटी कढत पाण्यानं तीनदा घासली, तरी वास गेला नाही. तिनं तोवर फोडलेला बर्फ एका गोणपाटावर ओतून ठेवला होता. मग जाडं मीठ मागितलं. "मीठ टाकलं की बरफ घट ऱ्हाते. दगड होतंय दगड. उद्यापरयंत बघूक नको."

तोवर माझी छाती दगडासारखी झाली होती, दूध काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी आतल्या खोलीत जाताना सासूबाईंना ओरडून सांगितलं, "फ्रीजमधल्या सगळ्या बाटल्या पेटीत भरा. पटकन. दार उघडं ठेवू नका." त्यांनी स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं. पंपाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही आणि ऐकायचंही नव्हतं. मी म्हणाले, "सगळ्या म्हणजे सगळ्या! आता प्रश्न नकोत!"

त्यांनी भरल्या. कोळणीनं मीठ मारलं, झाकण लावलं, वर गोणपाट. ती निघून गेली आणि मला पहिल्यांदा जरा श्वास घेता आला.

संध्याकाळी लाईट आले नाहीत. केबल दोन ठिकाणी तुटली आहे, असं वॉचमननं सांगितलं. पाण्याचा पंप बंद, म्हणून नळ कोरडे. नवऱ्यानं टँकरच्या चार बादल्या जिन्यानं वर आणल्या. आठ वाजता मी टॉर्चच्या उजेडात पेटी उघडली आणि रात्रीच्या चार वेळांच्या बाटल्या एकदमच काढून बर्फाच्या डब्यात ठेवल्या, म्हणजे पेटी पुन्हा उघडायला नको. वरवरच्याच घेतल्या. चिकटपट्ट्या ओल्या होत्या, शाई पसरली होती, पण तारखा वाचता येत होत्या. दूध घट्ट गोठलेलं होतं. कोळणीला मी मनातल्या मनात हात जोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी आंघोळीला गेले, अर्ध्या बादलीत. बाहेर आले तर सासूबाई बाळाला पाजून, खांद्यावर घेऊन पाठ थोपटत होत्या. मोरीजवळ धुतलेलं बोंडलं आणि रिकामी बाटली पालथी पडली होती. मी विचारलं, पेटीतून काढली का? त्या म्हणाल्या, हो, गरम पाण्यात धरून वितळवली, उठल्यापासून रडत होता. ठीकच होतं. मी पेटीतलं पाणी बघावं म्हणून झाकण उचललं.

बर्फ पुष्कळसा वितळून खारट पाणी झालं होतं आणि त्या पाण्यात चिकटपट्ट्या तरंगत होत्या. सगळ्या. बाटल्यांवर एकही उरली नव्हती. मला आधी त्याचं काहीच वाटलं नाही, तारखा गेल्या तर गेल्या. मी सवयीनं मोजायला घेतल्या. दहा असायला हव्या होत्या. चौदा निघाल्या.

मी पुन्हा मोजल्या. चौदा. मग मी उठून फ्रीजपाशी गेले आणि गोधडी बाजूला करून दार उघडलं. दाराचा कप्पा रिकामा होता.

मी खालीच बसले. फ्रीजच्या दारातलं दूध पातळ होतं, फ्रीझरमधलं गोठलेलं, एवढी तरी खूण राहायला हवी होती. पण मिठानं आपलं काम चोख केलं होतं. चौदाच्या चौदा बाटल्या दगड झाल्या होत्या. मी एकेक उचलून खिडकीशी धरली. रंग तोच. भरलेली पातळी थोडी कमी-जास्त, पण त्यावरून काय कळणार? झाकणं उघडून वास घेतला. सगळ्यांना बांगड्याचा वास येत होता.

आणि पंधरावी बाटली रिकामी होऊन मोरीजवळ पालथी पडली होती.

ती कुठली होती? मी वळून बाळाकडे पाहिलं. तो आजीच्या खांद्यावर डोकं टेकून, तोंडातून लाळेचा फुगा काढत, माझ्याकडेच बघत होता. त्याच्या हनुवटीखालची ती मऊ वळी, तिच्यात दुधाचा एक ओघळ सुकला होता. मला वाटलं आत्ता तिथं काहीतरी फुगेल, आत्ता त्याचा आवाज बसेल. मी त्याला हिसकावूनच घेतलं. गळ्याला हात लावला. गरम होता, पण मे महिन्यात सगळंच गरम असतं.

"काय झालं गो?" सासूबाई म्हणाल्या.

मी काय सांगणार होते? की तुम्ही आपल्या हातानं, आपल्या मुलाच्या बोंडल्यानं, नातवाला ते दूध पाजलंत? मला राग आला होता, प्रचंड राग, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मी बाळाला नवऱ्याच्या हातात दिलं, पेटी ओढत मोरीत नेली आणि एकेक बाटली जमिनीवर आपटून आतलं गोठलेलं दूध बाहेर पाडायला लागले. नवरा ओरडला, वेड लागलंय का तुला? मी पुढची बाटली उचलली. चौदा पांढरे गोळे मोरीच्या जाळीभोवती पडले. वरून ओतायला पाणी नव्हतं, त्यामुळे ते तिथंच हळूहळू वितळत राहिले. पंधरा दिवसांचं मनगट दुखणं. सासूबाई दारात उभ्या राहून ते बघत होत्या. त्यांनी मला अडवलं नाही. झाडाचं नावही काढलं नाही.

मग भीतीचा दुसरा भाग सुरू झाला. अकरा वाजता त्याला पुन्हा भूक लागणार होती आणि घरात द्यायला काहीही नव्हतं.

नवऱ्याच्या मोबाईलची बॅटरी रात्रीच संपली होती. मी खाली गेटजवळच्या पीसीओवर गेले. स्कॅनच्या डॉक्टरांकडची बाई म्हणाली, डॉक्टर एक वाजता येतील. मी म्हटलं, जरा अर्जंट आहे. ती म्हणाली, सगळ्यांचंच अर्जंट असतं मॅडम. बालरोगतज्ज्ञांचा फोन कुणी उचललाच नाही. मी दहा-दहा मिनिटांनी दोन्हीकडे फोन लावत राहिले. बूथवाला भला माणूस, त्यानं मला बसायला स्टूल दिलं. त्या काचेच्या खोक्यात बसून मी आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे कान लावले होते. साडेअकराला तो रडायला लागला, आणि खालपर्यंत ऐकू यायला लागलं. रडतोय म्हणजे आवाज बसलेला नाही, म्हणजे ठीक आहे, असं मी स्वतःला सांगत होते. मधेच तो थांबला की माझा जीव जायचा. पुन्हा रडला की जीवात जीव यायचा, आणि मग पुन्हा तो भुकेनं रडतोय हे आठवायचं.

मी दोनदा वर जाऊन त्याचा गळा बघून आले. सासूबाई उकळून गार केलेलं पाणी चमच्यानं देत होत्या आणि तो ते थुंकून टाकत होता. माझ्या छातीला इतकी ठणक लागली होती की मी दंड अंगापासून लांब धरून चालत होते. दूध तिथं होतं. त्याच्यापासून वीतभर अंतरावर होतं. आणि मी ते त्याला पाजू शकत नव्हते.

दीड वाजता डॉक्टर फोनवर आले. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "औषध घेऊन किती तास झाले?" मी म्हटलं, पन्नासच्या वर. "मग आता अंगावर घ्या त्याला. तीन दिवस मी जरा जास्तीचेच सांगितले होते. त्या औषधाचा जोर तासातासाला उतरतो, शरीरातही आणि बाटलीतही. सकाळी त्याच्या पोटात ती बाटली गेली असेल तरी त्यात उरलेलं नगण्य असणार. काळजी करू नका."

"नगण्य म्हणजे नक्की काही होणार नाही ना?"

"बहुतेक काहीच नाही."

नगण्य म्हणजे शून्य नव्हे आणि बहुतेक म्हणजे नक्की नव्हे, एवढं मलाही कळत होतं. मग त्यांनी विचारलं, बाकीच्या बाटल्या आहेत ना? त्या उद्यापासून खुशाल वापरा, उद्यापर्यंत सगळ्याच निर्धोक होतील. मी हो म्हणून फोन ठेवला.

त्याला पदराखाली घेतलं तेव्हा तो इतका दमला होता की आधी नुसताच तोंड लावून पडून राहिला. मग ओढायला लागला. मी रडले, सासूबाईही डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या. चार वाजता पंखा फिरायला लागला आणि सगळ्या बिल्डिंगमधून पोरांचा एकच ओरडा झाला. मी उठून फ्रीजवरच्या गोधड्या काढल्या.

माझी गाठ साधी निघाली. महिन्याभरात मी ती विसरले, आता तर हातालाही लागत नाही. विसरले नाही ती बाटली. मुलाला ताप आला, आवाज घोगरा झाला, एखादा दिवस दूध कमी प्यायला, की माझा हात त्याच्या हनुवटीखाली जायचा. बालरोगतज्ज्ञांना मी तीन वेळा गळा तपासायला लावला, कारण न सांगता. त्यांनी तिन्ही वेळा म्हटलं, छान आहे. मी घरी येऊन पुन्हा बघायची.

आणि दूध आटलं. दीड-दोन महिन्यांत अगदी नाहीसं झालं. मनाची धास्ती, झोप नाही, नोकरीवर रुजू झाले, कारणं पुष्कळ होती. पण सासूबाई आता म्हणतील, आत्ता म्हणतील, मोरीत ओतलंस म्हणून आटलं, याची मी वाट बघत होते. उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं धारदार. त्या कधीच म्हणाल्या नाहीत. मुलाला नाचणीचं सत्त्व सुरू झालं तेव्हा ते भिजवणं, वाटणं, गाळणं सगळं त्यांनीच केलं. मी मनाशी ठरवलं होतं, औषधाची बाटली कदाचित त्यांनीच पाजली असेल, हे त्यांना मरेपर्यंत कळू द्यायचं नाही. मला वाटत होतं, मी त्यांच्यावर केवढे उपकार करते आहे.

मुलगा सहा महिन्यांचा झाला त्या सुमाराची एक सकाळ. रविवार होता. सासूबाई पाय पसरून, त्याला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. मी दारात उभी होते, त्यांना दिसत नव्हते. छाती, खांदे, दंड झाले. मग त्यांची बोटं त्याच्या गळ्यापाशी आली आणि थांबली. दोन बोटांनी त्या हनुवटीखाली हलकेच चाचपत राहिल्या, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. डोळे मिटलेले. अगदी मी करत असे तसंच. रोजची सवय असावी, कारण मुलानं आपणहून मान वर केली होती.

"आई, काय बघताय?" मी विचारलं.

त्या दचकल्या. हात काढला नाही. मग खाली बघतच म्हणाल्या, "त्या चार मी बाजूला काढून ठेवल्या होत्या गो. ओट्यावर. तुला विचारलं, या पण घालू का. तू म्हणालीस, सगळ्या म्हणजे सगळ्या."

मी दारातून आत आले.

"सकाळी पेटी उघडली तर पट्ट्या सुटलेल्या. कुठली कुठली कळेना. तू आंघोळीला गेलेलीस. हाक मारणार होते." त्यांनी तेलाची वाटी उगाचच जरा सरकवली. "भीती वाटली. पुन्हा ओरडशील म्हणून. पोर रडत होतं. मग देवाचं नाव घेतलं आणि एक उचलली."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी मोरीत बाटल्या आपटत होते तेव्हाही माहीत होतं, आणि तीन महिने रोज सकाळी तेलाच्या बोटांनी त्या माझीच भीती एकट्यानं चाचपत होत्या. त्या दोन दिवसांत मी औषधाला घाबरत होते, आणि माझ्या घरातली ही म्हातारी बाई मला घाबरत होती. बाळाच्या पोटात जे काही गेलं असेल ते त्या भीतीमुळे गेलं. खारट पाण्यात सुटलेल्या चिकटपट्ट्यांमुळे नाही.

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. माफी मागायला याही वेळी तोंड उघडेना. त्यांनी मुलाची मान माझ्या बाजूला वळवली आणि म्हणाल्या, "बघ, तूही एकदा बघ. मला तरी काही लागत नाही." मी बोटं टेकवून बघितलं. मलाही काही लागलं नाही.